गदल्याचा उपास

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाई मला आमंत्रण द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्हां बेने इस्राएल लोकांच्या सणांची नावे आम्हांला ठाऊक आहेत, पण त्यांच्यामागच्या गोष्टी ठाऊक नाहीत. त्यांतली एखादी सांगा." मी हो म्हटले. परंतु आज मी सणाची गोष्ट सांगणार नाही, एका उपासाची सांगणार आहे. सणाची गोष्ट कोणीही आनंदाने ऐकते. उपासाची गोष्ट थोडी अवघड असते, आणि ही तर आमच्या घरात एकदा भांडणाला कारण झाली होती.

आमचे घर अलिबागच्या बाजूला. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक आम्हांला 'शनिवार तेली' म्हणत, हे आपणांपैकी पुष्कळजणींना माहीत असेल. माझ्या लहानपणी घाणा गेला होता. थोडी भातशेती होती. आमचे नवे वर्ष तिश्री महिन्यात, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येते. त्याचे दोन दिवस गोडाधोडाचे होत आणि तिसऱ्या दिवशी पहाटेपासून आजी तोंडात पाणी घेत नसे. संध्याकाळी चांदण्या दिसल्या म्हणजे ती उपास सोडी. विचारले तर एवढेच म्हणे, "आज गदल्याचा रोजा."

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षे झाली होती. मी दहा-अकरा वर्षांची असेन. माझे वडील ४२ च्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. त्या वर्षी ते आजीला म्हणाले, "आई, परक्या राजाची चाकरी करा असे सांगणाऱ्या माणसासाठी तू उपास कसली करतेस? आपण स्वतंत्र झालो ना आता?" आजी सुपात तांदूळ पाखडीत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "तू तुरुंगात होतास, तेव्हा भात कोणी कापला?"

वडील काही बोलले नाहीत. मला मात्र त्या वेळी त्या प्रश्नाचा आणि उपासाचा संबंध कळला नाही. पुढे शिक्षिका झाले, बायबलचा जुना करार नीट वाचला, तेव्हा हळूहळू कळू लागला. आज तोच आपल्यापुढे ठेवते.

ही हकिकत आहे यहूदाच्या राज्याची, सुमारे २६०० वर्षांपूर्वीची. यहूदा म्हणजे डोंगराळ, लहानसे राज्य, राजधानी यरुशलेम. एका बाजूला मिसर, दुसऱ्या बाजूला बाबेल, आणि दोन्ही बलाढ्य. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले, तिथल्या तरुण राजाला धरून नेले आणि त्याचा चुलता सिद्कीया याला गादीवर बसविले. सिद्कीयाने काही वर्षे खंडणी भरली. मग मिसरच्या भरवशावर त्याने बंड केले.

त्या वेळी यिर्मया नावाचा संदेष्टा यरुशलेमात होता. तो रस्त्यात, मंदिरात, राजवाड्यात एकच गोष्ट सांगत असे, की बाबेलचे जू मानेवर घ्या म्हणजे वाचाल, लढाल तर शहर जळेल. नुसते सांगून लोक ऐकत नाहीत म्हणून तो खरोखरीचे लाकडी जू मानेवर घालून हिंडला. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने सगळ्यांच्या देखत ते जू मोडून टाकले आणि दोन वर्षांत बाबेलची सत्ता अशीच मोडेल असे सांगितले. लोकांना कोणाचे बोलणे गोड लागले असेल हे सांगायला नको. यिर्मयाला पुढे फितूर ठरवून चिखलाच्या हौदात सोडले. तिथून सुटका झाल्यावर तो पहाऱ्यात राहिला, आणि भटाऱ्यांच्या आळीतून त्याला रोज एक भाकर मिळत असे, शहरातली भाकर संपेपर्यंत.

शहरातली भाकर संपली. वेढा सुमारे दीड वर्ष चालला. मध्यंतरी मिसरचे सैन्य निघाल्याची वार्ता आली, वेढा उठला, लोकांना हर्ष झाला. पण मिसरी परत गेले आणि वेढा पुन्हा बसला. इ.स.पू. ५८६ मध्ये (काही अभ्यासक ५८७ धरतात) तट फुटला. सिद्कीया रात्री पळाला, यरीहोच्या मैदानात सापडला. त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या मुलांना मारले, आणि मग त्याचे डोळे काढले. महिन्याभराने मंदिर जाळले, घरे जाळली, तट पाडले. त्या मंदिराच्या नाशाचा दिवस आम्ही उपासाने पाळतो आणि वालाच्या बिरड्यावर सोडतो. म्हणून कोकणातल्या आमच्या बायकांनी त्याचे नाव 'बिरड्याचा सण' ठेवले. इतक्या मोठ्या दुःखाला इतके घरगुती नाव! पण दुःख घरात राहायचे असेल तर त्याला स्वयंपाकघरातून यावे लागते, असे मला वाटते.

आता गदल्या येतो.

बाबेलकरांनी सरदार, कारागीर, मानकरी बंदी करून नेले. मागे ठेवली ती अगदी गरीब माणसे, ज्यांच्यापाशी काहीच नव्हते ती. बाबेलचा सेनापती नबूजरदान याने त्यांना द्राक्षमळे आणि शेते वाटून दिली. आणि या उरल्यासुरल्या लोकांवर अधिकारी नेमला अहीकामाचा मुलगा गदल्या.

याचे घराणे मोठे नेक होते. आजोबा शाफान हे योशिया राजाचे चिटणीस. मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ त्यांनीच राजाला वाचून दाखविला. तो ग्रंथ खरा की काय हे विचारायला राजाने माणसे पाठविली ती हुल्दा नावाच्या एका संदेष्ट्रीकडे, म्हणजे एका बाईकडे. आणि त्या माणसांत गदल्याचा बाप अहीकाम होता. पुढे लोक यिर्मयाच्या जिवावर उठले तेव्हा याच अहीकामाने त्याला वाचविले. बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पत्र लिहिले, की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या शहरात आहात त्या शहराचे कल्याण चिंता. ते पत्र पोहोचविणाऱ्यांत शाफानाचा दुसरा मुलगा एलासा होता. तेव्हा गदल्याचा विचार भीतीपोटी एका रात्रीत उपजलेला नव्हता. तीन पिढ्यांची ती शिकवण होती.

यरुशलेम राख झाले होते, म्हणून गदल्याने उत्तरेस मिस्पा येथे ठाणे केले. पुष्कळ संशोधकांच्या मते मिस्पा म्हणजे यरुशलेमपासून सुमारे १२ किलोमीटरांवरचे तेल एन-नसबे. तिथे उत्खननात १९३२ मध्ये एका थडग्यात एक सुरेख मोहोर सापडली. तिच्यावर झुंजीच्या पवित्र्यातला कोंबडा आहे आणि नाव आहे 'राजाचा सेवक याजन्या'. गदल्याला येऊन मिळालेल्या सरदारांत याजन्या नावाचा एक होताच. हाच तो असावा असे अनेकांना वाटते.

रानावनात लपलेले हे सरदार आणि त्यांची माणसे गदल्याकडे आली, तेव्हा त्याने त्यांना शपथपूर्वक जे सांगितले त्याचा मतितार्थ असा: खास्द्यांची म्हणजे बाबेलकरांची चाकरी करायला भिऊ नका. देशातच राहा, तुमचे बरे होईल. त्यांच्यापुढे तुमच्या वतीने मी उभा राहीन. तुम्ही आपले द्राक्षारस, उन्हाळी फळे आणि तेल गोळा करून भांड्यांत भरा, आणि आपापल्या गावांत वस्ती करा.

भगिनींनो, या बोलण्याकडे एखाद्या गृहिणीच्या नजरेने पाहा. मंदिर जळाले ते ऐन उन्हाळ्यात. द्राक्षे आणि अंजिरे वेलीझाडांवर तयार होती, पाठोपाठ जैतून येणार होते. राज्य गेले म्हणून फळ पिकायचे थांबत नाही. ते वेळेवर उतरविले नाही तर सडते, आणि हिवाळ्यात मुले उपाशी मरतात. गदल्या आधी भांडी भरा म्हणाला. ही वार्ता मवाब, अम्मोन, अदोम अशा शेजारच्या मुलखांत पळून गेलेल्यांच्या कानी गेली. ते परत आले, आणि त्यांनी द्राक्षारस व फळे यांचा मोठा साठा केला, असे ग्रंथात लिहिले आहे. जिथे एवढा अनर्थ होऊन गेला, तिथे हे एक वाक्य वाचताना मला अजून बरे वाटते.

आता माझ्या वडिलांचा प्रश्न. परक्याची चाकरी करा म्हणणारा हा माणूस थोर कसा? आपण स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या देशाच्या लेकी आहोत. हा प्रश्न आपल्या मनात यायलाच हवा. मी त्याचे उत्तर असे देते.

एक तर, त्याने हे कधी सांगितले ते पाहावे. बंड होऊन गेले होते. सैन्य, तट, कोठारे, राजा, काही उरले नव्हते. उरली होती ती बंडाचा निर्णय ज्यांना कोणी विचारला नव्हता अशी गरीब माणसे. आपल्याकडे ४२ साली सगळा देश उभा होता. मेलेल्या लढाईनंतर घायाळांना पुन्हा लढा म्हणणे आणि उभ्या देशाला उठा म्हणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरे, त्याने काय मागितले नाही तेही पाहावे. त्याने हातांची चाकरी सांगितली, देव सोडा असे सांगितले नाही. मंदिर जळाल्यावरही शखेम, शिलो आणि शोमरोन येथून ८० यात्रेकरू दाढ्या काढून, वस्त्रे फाडून, हातांत अर्पणे घेऊन देवाच्या घराकडे निघाले होते. त्यांना मिस्प्याहून कोणी अडविणार नव्हते. मानेवर जू होते, पण मन आपले होते. आणि ते जू कायमचे आहे असेही कोणी म्हटले नव्हते. बाबेलला ७० वर्षांची मुदत आहे, असे यिर्मया सांगत आला होता. वेढा चालू असताना, शहर पडणार हे पक्के ठाऊक असताना, याच यिर्मयाने आपल्या गावचे शेत १७ शेकेल चांदी मोजून विकत घेतले आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवायला सांगितले. ज्याला देश कायमचा गेला असे वाटते तो शेत विकत घेत नाही.

परंतु सगळ्यांना हे पटले नाही. नथन्याचा मुलगा इश्माएल हा राजघराण्यातला होता. शाफान चिटणिसाचा नातू आपल्यावर अधिकारी, हे त्याला कसे सोसावे? अम्मोनचा राजा बालीस याने त्याला चिथावले. योहानान नावाच्या सरदाराला हा कट समजला. त्याने गदल्याला सावध केले, आणि एकांतात येऊन म्हणाला, की मला परवानगी द्या, मी त्याला गुपचूप मारतो. तुमचा जीव गेला तर गोळा झालेली सारी माणसे पांगतील. गदल्याने ऐकले नाही. इश्माएलाविषयी तू खोटे बोलतोस, असे म्हणून त्याने त्याला वाटेला लावले.

सातव्या महिन्यात इश्माएल दहा माणसांसह मिस्प्याला आला. गदल्याने त्याला जेवायला बसविले. एका पंगतीत भाकर खाल्ली, आणि खाता खाता इश्माएल व त्याची माणसे उठली आणि त्यांनी गदल्याला तरवारीने मारले. तिथले यहूदी मारले, बाबेलचे शिपाई मारले. दुसऱ्या दिवशी, खून अजून बाहेर फुटला नव्हता तोच ते ८० यात्रेकरू आले. इश्माएल रडत रडत त्यांना सामोरा गेला, गदल्याकडे चला म्हणाला, आणि आत नेऊन त्यांना कापून हौदात टाकले. फक्त दहाजण वाचले. का? तर ते म्हणाले, आमच्यापाशी रानात लपविलेले गहू, जव, तेल आणि मध आहे. गदल्या ज्या साठ्याने लोक जगविणार होता, त्या साठ्यासाठी इश्माएलाची तरवार थांबली. माणसासाठी थांबली नाही.

आणि हेही विसरू नये, की परक्याची चाकरी नको म्हणणारा हा वीर स्वतः एका परक्या राजाच्याच सांगण्यावरून आला होता. बाबेल नको म्हणून तो अम्मोनच्या हातातले हत्यार झाला. उरलेल्या लोकांना, त्यांत राजकन्याही होत्या, बंदी करून तो अम्मोनकडेच निघाला होता. गिबोनच्या मोठ्या तळ्यापाशी योहानानाने त्याला गाठले आणि माणसे सोडविली. इश्माएल आठजणांनिशी पळाला.

पुढे जे झाले ते अधिक दुःखाचे. बाबेलकर आता सूड घेतील या भीतीने लोक मिसरला जायला निघाले. त्यांनी यिर्मयाला विचारले. दहा दिवसांनी तो म्हणाला, भिऊ नका, इथेच राहा. त्यांनी त्यालाच खोटा ठरविले, आणि त्यालाही बरोबर घेऊन पुरुष, बायका, मुले, राजकन्या असे सगळे मिसरला गेले. इ.स.पू. ५८२ मध्ये बाबेलकरांनी पुन्हा ७४५ माणसे यहूदातून नेली. भरलेली भांडी तिथेच राहिली असतील. एका खुनाने देशात उरलेले घर मोडले. म्हणून आमच्या शास्त्र्यांनी म्हटले, की नीतिमान माणसाचा मृत्यू हा देवाचे मंदिर जळण्याएवढाच आहे, आणि मंदिराच्या उपासांच्या जोडीला गदल्याचा उपास ठेवला.

पण त्याच शास्त्र्यांनी गदल्यालाही दोष दिला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ते म्हणतात, योहानानाची सूचना त्याने मनावर घेतली नाही, म्हणून त्या हौदातल्या प्रेतांचा भार काही अंशी त्याच्यावरही येतो. इश्माएलाला मारू दिले नाही हे त्याने बरोबरच केले. पण दाराशी पहारा बसविला असता तर? माणसावर विश्वास ठेवणे हा सद्‌गुण आहे. पण ज्याच्या विश्वासावर शेकडो माणसे झोपतात, त्याने उघड्या डोळ्यांनी विश्वास ठेवला पाहिजे. शांतता सांगणाऱ्याने गाफील राहू नये. उलट त्यालाच जास्त जागे राहावे लागते, कारण त्याच्या हातात तरवार नसते.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकले आणि यहूदी लोकांना परतण्याची मोकळीक दिली. घरे बांधा, मुलांची लग्ने करा, हा सल्ला ज्यांनी परमुलखात मानला होता त्यांचीच नातवंडे-पतवंडे परत आली आणि त्यांनी मंदिर पुन्हा बांधले. म्हणजे ज्यांना नमलेले म्हणून हिणवले असेल, त्यांच्याच घरांतून पुढची पिढी आली. पुढे जखऱ्या संदेष्ट्याने सांगितले, की हे उपास एक दिवस आनंदाचे सण होतील. मात्र सत्य आणि शांती यांवर प्रेम करा.

हे सारे वाचल्यावर मी एकदा वडिलांना आजीच्या त्या प्रश्नाविषयी विचारले. तोवर आजी गेली होती. ते म्हणाले, "मला ऑगस्टात पकडले. भात आश्विनात तयार झाले. घरात दुसरा पुरुष नव्हता. शेजारच्या आगरी बायकांना बरोबर घेऊन आईने ते कापले, झोडले, कणगीत भरले. आणि मी सुटून आलो तेव्हा एका शब्दाने बोलली नाही." मी विचारले, "तुम्ही गेलात हे तिला आवडले नव्हते का?" ते म्हणाले, "तसे नव्हे. शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, तू गेलास ते बरे केलेस; पण मागे राहिलेल्यांचाही कोणी वाली लागतो, त्याच्यासाठी मी उपास धरते." त्या वर्षापासून वडील तो उपास करू लागले, शेवटपर्यंत.

अन्यायापुढे नेहमी मान तुकवावी, असे मी सांगायला आलेले नाही, आणि गदल्याचीही ती शिकवण आहे असे मला वाटत नाही. कधी उठायचे आणि कधी धान्य भरायचे, हे प्रत्येक काळाला नव्याने ठरवावे लागते. मात्र ते ठरविताना ज्यांच्या पोटावर त्याचा परिणाम होणार त्यांना विचारले पाहिजे. मिस्प्याच्या त्या राजकन्यांना, त्या बायकांना आधी इश्माएलाने नेले, मग योहानानाने नेले. या साऱ्या हकिकतीत त्यांच्या तोंडी एक शब्द नाही. कुठे राहायचे, कुठे जायचे, हे त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही. आपल्यासारखी मंडळे चालतात ती पुढे तरी कोणी न विचारता राहू नये म्हणून, असे मी समजते.

 चिटणीसबाईंनी मला सणाची गोष्ट मागितली होती आणि मी उपासाची दिली, त्याची भरपाई म्हणून पुढच्या श्रावणात बिरडे करून आणीन. मंडळाचा उत्कर्ष होवो, एवढे बोलून आपली रजा घेते.